आत्तीच्या हातचे थेंब

माझी लेक जन्मली तेव्हा तिचं वजन साडेबाराशे ग्रॅम भरलं. आमच्या शेजारणीनं ते ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजे सव्वा किलो? एवढी तर आम्ही बाजारातनं वांगी आणतो की." ती मनानं वाईट नव्हती. तिला खरंच विश्वास बसत नव्हता. मलाही बसत नव्हता.

साल चौऱ्याण्णव. शिरोळ तालुक्यात, कृष्णेच्या काठाला आमचं गाव. हे गावच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायचे. घरात आम्ही तिघंच होतो: हे, मी आणि माझ्या सासूबाई. सासूला आमच्याकडं आत्ती म्हणतात. हे त्यांना अव्वा म्हणायचे. आमचं घर जैनांचं, आणि आत्तींचं सगळं कडक. पाणी गाळल्याशिवाय पिणार नाहीत, दिवस मावळला की तोंडात घास नाही, कांदा-बटाटा त्यांच्या चुलीवर कधी चढला नाही. वाटेत मुंग्यांची रांग दिसली तर त्या लांबनं वळसा घालून जायच्या. मला त्यांची भीती वाटायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती, तरी त्यांच्यासमोर मी खाली मान घालूनच बोलायची.

मला सातवा संपून आठवा लागला होता. एका सकाळी कपडे वाळत घालताना कमरेतनं कळ आली. अजून दोन महिने अवकाश आहे, वात असेल, असं म्हणून मी उरलेले कपडेही वाळत घातले. दुपारी जयसिंगपूरच्या दवाखान्यात बाळंत झाले. लेक झाली हे मला सांगितलं, पण ती रडलेली ऐकू आली नाही. मांजराचं पिल्लू कुठंतरी खाटेखाली अडकावं तसा एक बारीक आवाज आला, तेवढाच.

तिथल्या डॉक्टरीणबाई ह्यांना म्हणाल्या, "हिला इथं ठेवून उपयोग नाही. आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला न्या. शाहूपुरीत लहान मुलांचा दवाखाना आहे, मी चिठ्ठी देते."

मला उठता येत नव्हतं. शेजारच्यांची जीप आली. आत्तींनी बाळाला कापसात गुंडाळलं, आपल्या चोळीच्या आत छातीला लावलं, वरनं पदर आणि शाल घट्ट आवळली आणि जीपमध्ये जाऊन बसल्या. जयसिंगपूर ते कोल्हापूर त्यांनी शाल एकदाही सैल केली नाही, असं हे सांगतात. शाहूपुरीतल्या डॉक्टरांनी बाळ तपासलं तेव्हा ते उबदार होतं. डॉक्टर म्हणाले, "आजी, हे कुणी सांगितलं तुम्हाला, असं छातीला धरायला?"

आत्ती म्हणाल्या, "सांगायला कशाला पायजे? थंडी वाजत असंल की तिला."

तिसऱ्या दिवशी मी कोल्हापूरला पोहोचले. काचेच्या पेटीत माझी लेक होती. अंगावर फक्त लंगोट, नाकात नळी, डोक्याला ह्यांच्या हातरुमालाची केलेली टोपी. कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसत होत्या. हाताची बोटं काडेपेटीतल्या काडीसारखी. मी काचेला हात लावला आणि रडायला लागले.

तिथल्या थोरल्या सिस्टर मिरजेकडच्या होत्या. जाडजूड बाई, आवाज असा की जिन्यावरनं ऐकू यावा. त्या म्हणाल्या, "रडून काय व्हणार हाय? रडलीस तर दूध आटतंय. हात धू साबणानं, कोपरापर्यंत. मग ये हिकडं."

मला दूधच उतरलं नव्हतं. बाळ अंगाला लागल्याशिवाय दूध कसं उतरणार, असं मला वाटायचं. सिस्टरनी मला पडद्यामागं बसवलं, उकळलेली स्टीलची वाटी हातात दिली आणि हातानं दूध कसं काढायचं ते शिकवलं. पहिल्या दिवशी वाटीच्या तळाला पिवळसर डाग पडावा एवढंच आलं. मला लाज वाटली. वाटी लपवून मी म्हणाले, "सिस्टर, काहीच आलं नाही."

सिस्टरनी वाटी माझ्या हातातनं काढून घेतली. त्या थेंबांत त्यांनी सिरिंज बुडवली आणि अगदी शेवटचा थेंबसुद्धा ओढून घेतला. "ह्याला काही नाही म्हणतीस व्हय? हे सोनं हाय," म्हणाल्या. सिरिंज नळीला लावून त्यांनी वर धरली. दूध आपल्याच वजनानं हळूहळू खाली उतरलं. माझ्या लेकीचं पहिलं जेवण मी असं काचेबाहेरनं बघितलं.

दर दोन तासांनी मी वाटी घेऊन बसायचे. चौथ्या-पाचव्या दिवसापासून दूध वाढलं. माझ्याशेजारी आणखी एक बाई बसायची. ती बिद्रीकडची, नवरा साखर कारखान्यात कामाला. तिचा मुलगा शेजारच्या पेटीत होता. वजन जवळजवळ माझ्या लेकीएवढंच, आठवडेही तेवढेच. आम्ही दोघी एकाच पडद्यामागं बसून दूध काढायचो आणि गप्पा मारायचो. तिला माझ्यापेक्षा जास्त दूध होतं आणि माझ्यापेक्षा जास्त हसू होतं.

दोन आठवडे झाले तरी लेकीचं वजन हलेना. रोज सकाळी तिला काट्यावर ठेवायचे आणि सिस्टर आकडा सांगायच्या. कधी पाच ग्रॅम वर, कधी दहा ग्रॅम खाली. मग एक दिवस डॉक्टरांनी आम्हाला तिघांना बोलावलं. डॉक्टर मितभाषी होते. बोलताना समोरच्या कागदावर काहीतरी रेषा मारत राहायचे.

"आईचं दूध उत्तम आहे," ते म्हणाले. "ते बंद करायचं नाही. पण ते दूध पूर्ण दिवस भरलेल्या बाळाला पुरतं. शेवटच्या दोन महिन्यांत आईच्या पोटात बाळ हाडांसाठी, रक्तासाठी, मांसासाठी सगळं भरून घेत असतं. तुमच्या पोरीनं शिदोरी न बांधताच घर सोडलंय. ती आता आपल्याला बाहेरनं बांधून द्यायची आहे. तिच्या दुधात एक पावडर मिसळू. प्रथिनं आहेत, कॅल्शियम आहे. शिवाय जीवनसत्त्वांचे थेंब. लोहाचे थेंब थोड्या दिवसांनी."

आत्ती म्हणाल्या, "आईच्या दुधात पावडर? दूध म्हंजे काय च्या हाय व्हय?"

डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "आजी, तुम्ही तिला छातीला धरून आणलंत म्हणून ती इथवर आली. आता वजन वाढायला पाहिजे. मी सांगतो ते करू या."

हे शेवटी विचारायचं ते विचारून बसले. "डॉक्टर, ह्यानं तिचा मेंदू... म्हणजे पुढं शाळा वगैरे, सगळं नीट होईल?"

डॉक्टरांची पेन्सिल थांबली. "सर, तुम्ही विज्ञानाचे आहात. खोटं नाही सांगणार. वजन वाढेल, हाडं भरतील, हे मी सांगू शकतो. पुढचं कुणीच सांगू शकत नाही. पण उपाशी ठेवून काही चांगलं होत नाही, एवढं नक्की."

तेव्हा मला त्यांचा राग आला होता. धीर द्यायचा सोडून असं काय बोलतात, असं वाटलं. आता वाटतं, ते खोटं बोलले नाहीत म्हणूनच पुढची बारा वर्षं आम्ही त्यांच्याकडं जात राहिलो.

पावडर छोट्या पुड्यांत यायची. कोल्हापुरात ती संपली की हे मिरजेला जायचे, एकदा तर पुण्यालाही जाऊन आले. सिस्टर पुडीतला ठरलेला भाग माझ्या दुधात घालायच्या, हलवायच्या आणि प्रकाशात धरून गुठळी राहिली नाही ना ते बघायच्या. बिद्रीकडच्या बाईच्या मुलालाही तीच पावडर. आठवडाभरानं लेकीचं वजन रोज थोडं थोडं चढू लागलं. एका सकाळी सिस्टरनी आकडा सांगितला नाही, नुसता अंगठा वर केला. आत्तींना त्या खुणेचा अर्थ कळला नाही. त्यांना वाटलं, काहीतरी चुकलं. "काय झालं? काय झालं?" करत त्या धावत आल्या.

थेंबांचं मात्र वेगळंच झालं. जीवनसत्त्वांच्या थेंबांची बाटली ह्यांच्या हातात होती. विज्ञानाचा मास्तर, सगळं वाचायची सवय. खोक्यावरची बारीक अक्षरं वाचता वाचता त्यांचा चेहरा उतरला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्यात माशाच्या यकृताचं तेल आहे."

मी म्हणाले, "आत्तींना सांगू नका."

"अव्वाला फसवायचं?"

"मग काय करायचं? थेंब द्यायचे नाहीत?"

हे डॉक्टरांकडं गेले. डॉक्टर म्हणाले, बिनमाशाचे थेंबही असतात, पण सध्या इथं कुठं मिळत नाहीत, मागवतो, वेळ लागेल. "तोपर्यंत थांबा असं मी म्हणणार नाही," म्हणाले. "निर्णय तुमचा."

ह्यांनी संध्याकाळी आत्तींना सांगितलं. दवाखान्यासमोरच्या बाकावर आम्ही तिघं बसलो होतो. आत्तींनी ऐकून घेतलं. खोकं हातात घेतलं, उलटंसुलटं केलं. त्यांना वाचता येत नव्हतं. मग त्या उठल्या आणि बस्तीत, म्हणजे आमच्या मंदिरात, निघून गेल्या. दिवस मावळायला आला होता, तरी त्या जेवायला आल्या नाहीत. त्या दिवशी त्यांचा उपास पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आल्या तेव्हा अंघोळ करून, पांढरं लुगडं नेसून आल्या होत्या. माझ्याकडं हात पुढं केला.

"आण ती बाटली."

मला वाटलं, फेकून देणार. मी बाटली पाठीमागं धरली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यासमोर मान वर करून उभी राहिले. "आत्ती, मी देणार तिला थेंब. तुम्ही काहीही म्हणा."

"तू न्हाय देणार," आत्ती म्हणाल्या. "तू बी न्हाय आणि माझा ल्योक बी न्हाय. तुम्हाला अजून लई आयुष्य काढायचं हाय. मी देतो. जे काय पाप लागंल ते मला लागूं दे. पोरीला काय कळतंय? तिला न्हाय लागत."

आमच्याकडच्या बायका 'देते' म्हणत नाहीत, 'देतो' म्हणतात. त्यांचा तो 'मी देतो' मला अजून कानात ऐकू येतो.

सिस्टरनी त्यांना ड्रॉपर धरायला शिकवलं. जन्मभर ज्यांच्या हातून मुंगी मेली नव्हती त्या बाईनं माशाचं तेल मोजून, एक थेंब कमी नाही की एक जास्त नाही, नातीच्या नळीतल्या दुधात सोडलं. सोडताना त्यांचे ओठ हलत होते. णमोकार मंत्र म्हणत होत्या. हात मात्र हलला नाही.

साधारण सहा आठवड्यांनी आम्ही घरी आलो. तेव्हा ती पावणेदोन किलोच्या पुढं गेली होती आणि बोंडल्यानं गिळायला शिकली होती. अंगावर ओढायला तिला आणखी पंधरा दिवस लागले. घरी आल्यावर थेंबांची बाटली, लोहाची बाटली आणि कॅल्शियमचं पातळ औषध असं सगळं आत्तींनी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर मांडलं. आम्हाला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. बिनमाशाचे थेंब पुण्याहून यायला दोन महिने लागले. ते आल्यावरही आत्तींनी काम सोडलं नाही. दाराच्या मागं भिंतीवर त्या कोळशानं रेघ ओढायच्या, थेंब दिला की एक रेघ. सहा रेघा झाल्या की सातवी आडवी. भिंत पार काळी झाली. दिवाळीला रंग द्यायला माणूस आला तर त्यांनी त्याला तेवढी भिंत सोडायला लावली.

लोहाच्या थेंबांनी लेकीची शी काळी व्हायची. पहिल्यांदा तसं झालं तेव्हा आत्तींनी घर डोक्यावर घेतलं. हे सायकलवरनं एस.टी. स्टँडवर गेले आणि तिथनं दवाखान्यात फोन लावला. सिस्टर फोनवर एवढ्या मोठ्यानं हसल्या की बूथबाहेर उभ्या असलेल्या माणसानं वळून बघितलं, असं हे सांगत होते. "काळी व्हणारच की! लोखंड पोटात गेलंय तिच्या!" मग आत्तींनी तो फोन सगळ्या गल्लीला सांगितला.

डॉक्टरांनी निघताना एक गोष्ट समजावून सांगितली होती. तिचं वय मोजताना दोन महिने वजा करायचे. ती जन्मली त्या दिवसापासून नाही, जन्मायला पाहिजे होती त्या दिवसापासून धरायचं. मला हे लोकांना पटवून देता यायचं नाही. बायका विचारायच्या, "पाच महिने झाले, अजून मान धरंना व्हय?" मी कसनुसं हसायची. आत्ती मात्र अंगणातनं ओरडायच्या, "पाच न्हाय, तीन! तीन महिन्यांची हाय ती! डाक्टरनी सांगितलंय. यायच्या आधी आली म्हणून काय मोठी झाली व्हय?"

तिचं बारसंही त्यांनी त्याच मोजणीनं केलं. पाहुण्यांना वाटलं, म्हातारीचं काहीतरी बिनसलं.

वरचं सुरू करायची वेळ आली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, नुसती पातळ पेज देऊ नका, तिचं पोट लहान आहे, थोडक्यात जास्त गेलं पाहिजे. त्यात चमचाभर तूप किंवा तेल घाला. आत्ती नाचणी भिजवून, मोड आणून, वाळवून दळायच्या. मूग भाजून दळायच्या. ते शिजवून त्यात घरचं तूप. मी एकदा म्हणाले, "आत्ती, किती तूप घालताय, डॉक्टरांनी चमचाभर सांगितलंय." तर म्हणाल्या, "त्यांचा चमचा शाहूपुरीतला हाय. आपला शिरोळचा."

पहिलं वर्ष दर महिन्याला, मग तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी आम्ही तपासायला जायचो. डॉक्टर वजन, उंची, डोक्याचा घेर घ्यायचे. मग तिच्या डोळ्यांसमोरनं लाल लोकरीचा गोंडा फिरवायचे, कानामागं घंटी वाजवायचे. थोडी मोठी झाल्यावर टेबलावर बेदाणा ठेवायचे. चिमटीत उचलते की अख्ख्या मुठीनं ओढते, ते बघायचं असायचं. माझ्या लेकीनं मुठीनं ओढला आणि तोंडात घातला. पुढच्या वेळीही मुठीनंच. डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी ते उलटं वाचायचा प्रयत्न केला, जमलं नाही. घरी येऊन मी रोज तिच्यासमोर बेदाणे ठेवायला लागले. ती चिमटी शिकली तोवर किती बेदाणे खाल्ले असतील, देवच जाणे.

ती दीड वर्षाची झाली तरी चालली नव्हती. तेव्हाच्या तपासणीला बिद्रीकडची बाईही आली होती. तिच्या कडेवर तिचा मुलगा. चेहरा गोड, डोळे टपोरे, पण पाय कात्रीसारखे एकमेकांत अडकलेले. उभं करायला गेलं की तो टाचा टेकवायचा नाही. डॉक्टरांनी तिला खरं ते सांगितलं होतं. पायांना व्यायाम द्यावा लागणार, कदाचित पुढं शस्त्रक्रिया, कदाचित तो कधीच धड चालणार नाही.

आम्ही दोघी बाकावर बसलो. तीच पावडर, तेच थेंब, तेवढंच वजन, तोच पडदा. माझी लेक त्याच वेळी माझ्या गुडघ्याला धरून उभी राहिली, टेबलाकडं बघितलं, आणि दोन पावलं टाकून टेबलाला धडकून खाली पडली. पहिलीच पावलं. माझ्या तोंडात आनंदाचा शब्द आला आणि मी तो तसाच गिळला. मला त्या बाईकडं बघवेना.

तिनंच माझ्या दंडाला धरलं. "का गप झालीस? हस की! पोरगी चालली तुझी."

मग तिनं आपल्या मुलाला विचारलं, "दीदी काय करती रं?"

तो दीड वर्षाचा मुलगा स्पष्ट म्हणाला, "दीदी चालली. दीदी पडली."

माझी लेक तेव्हा 'अव्वा' आणि 'दे' एवढे दोनच शब्द बोलायची. त्याची आई म्हणाली, "बघ, तुझी चालली, माझा बोलला. दोघांनी वाटून घेतलं." आणि ती हसली. पडद्यामागं हसायची तशीच. मी मात्र रडले, आणि ह्या वेळी रडू नकोस म्हणायला सिस्टर जवळ नव्हत्या.

तो मुलगा पुढं शाळेत गेला. बाप त्याला सायकलवर पुढं बसवून न्यायचा. गणितात तो वर्गात पुढं असायचा, हे मला तिच्या पत्रांतनं कळायचं. माझ्या लेकीला गणित कधीच धड जमलं नाही.

तिचं शिकणं सावकाश झालं. पेन्सिल धरायला वेळ लागला. अक्षर ओळीबाहेर जायचं. तिसरीत फळ्यावरचं दिसत नाही हे कळलं आणि जाड भिंगांचा चष्मा लागला. पळताना ती जरा एका अंगाला झुकते. पहिलीच्या बाईंनी मला बोलावून सांगितलं, "हुशार आहे, पण हात मागं पडतो." हे रोज संध्याकाळी तिला पाटीवर वाळू पसरून बोटानं अक्षरं गिरवायला लावायचे. शाळेत शेकडो मुलांना शिकवलेला माणूस, पण 'क' नीट आला की स्वतः टाळ्या वाजवायचे.

ती पहिलीत होती त्या संक्रांतीची गोष्ट. लेकीनं पहिल्यांदा स्वतःच्या हातानं लाडू वळले होते, वेडेवाकडे. सगळ्यात आधी अव्वाला, म्हणजे आजीला द्यायला पळत गेली. बापाचं ऐकून तीही आजीला अव्वाच म्हणायची. आत्तींनी तिळगूळ घेतला, कपाळाला लावला आणि पदराच्या टोकाला बांधला.

"खा की अव्वा."

"मागनं खातो बाळा."

मी कामात होते, पण ते बघितलं आणि मला एकदम काहीतरी लक्षात आलं. किती वर्षांत मी आत्तींना गोड खाताना बघितलं नव्हतं? आमच्याकडं पुरणपोळी व्हायची, गुऱ्हाळातनं काकवी यायची, गरम गुळाचा खडा हातावर ठेवून लोक घरी यायचे. आत्ती वाढायच्या. खाताना कधी दिसल्या नाहीत. मी समजायचे, वयानं गोड नको झालं असेल.

त्या दिवशी मी नणंदेला विचारलं, ती सणाला आली होती. ती म्हणाली, "वहिनी, तुला माहीत न्हाय? अव्वानं नियम घेतलाय. पोरीला ते माशाचे थेंब सुरू केले ना, त्याच्या आदल्या सांजेला बस्तीत जाऊन गूळ सोडला. जन्मभर."

मी आत्तींसमोर जाऊन बसले. त्या तांदूळ निवडत होत्या. मी म्हणाले, "आत्ती, गूळ सोडलात, मला सांगितलं नाहीत."

"सांगून काय? तू पण सोडला असतास."

"थेंब बंद होऊन पाच-सहा वर्षं झाली."

"नियम हाय. त्याला मुदत नसती." मग ताटातला एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "गूळ काय, लई खाल्ला मी. आपल्या गावात गुळाला काय तोटा? पोरगी हाय न्हवं समोर."

मी त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागं घेतले, म्हणाल्या, "ऊठ, तांदूळ सांडतील."

दोन हजार तीनच्या उन्हाळ्यात आत्ती गेल्या. लेक तेव्हा नऊ वर्षांची होती. भिंतीवरच्या रेघा अजून होत्या. मीच पुढं कधीतरी घर दुरुस्त करताना तो गिलावा पाडायला लावला, कारण भिंत ओलीनं फुगली होती. वाईट वाटलं, पण आत्तींना तसल्या गोष्टीत अडकून पडलेलं आवडलं नसतं, हे मला माहीत होतं.

लेक बारा वर्षांची झाली तेव्हा डॉक्टरांनी शेवटचं बोलावलं. सिस्टर अजून तिथंच होत्या, केस पिकले होते. मी त्यांना मिठी मारली. म्हणाले, "सिस्टर, ही ती. साडेबाराशे ग्रॅमची. चौऱ्याण्णव साल."

सिस्टरनी लेकीला डोक्यापासनं पायापर्यंत न्याहाळलं. मग म्हणाल्या, "पोरी, खोटं कशाला बोलू, आठवत न्हाय बघ. लई पोरं घरी गेली इथनं." आणि मग तिचा हात हातात घेऊन, मनगट दाबून बघत म्हणाल्या, "पण हाडं चांगली हायत." तेवढं ऐकून माझं मन भरलं. त्यांना आठवायची गरजच नव्हती. त्यांनी ज्या ज्या वाटीतला शेवटचा थेंब ओढला, त्या सगळ्या बायका मनात त्यांचं नाव घेत असणार.

डॉक्टरांनी फाईल उघडली. ती आता जाड झाली होती. वजनाची वळणदार रेषा कागदावर, खालनं वर चढत गेलेली. ह्यांनी बारा वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, फक्त उलटा करून. "डॉक्टर, नक्की कशानं झालं हे? पावडरीनं, थेंबांनी, की..."

"अजून माहीत नाही सर," डॉक्टर म्हणाले. "दोन मुलं तीच पावडर घेतात, एक एका वाटेनं जातं, दुसरं दुसऱ्या. वजन वाढलं ते पावडरीनं, हे मी म्हणेन. बाकीचं कशानं, ते तुम्ही घरच्यांनाच विचारा." मग लेकीकडं वळून म्हणाले, "काय गं, आता काय खातेस?"

लेकीनं चष्मा वर सरकवला. "भडंग," म्हणाली.

"भडंग? आणि भाजी?"

"भाजी पण. पण भडंग जास्त."

डॉक्टरांना हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यांनी फाईल बंद केली आणि लेकीच्याच हातात दिली. "ही आता तुझी. मोठी झालीस की वाच."

बाहेर आलो तेव्हा ऊन कलत आलं होतं. जयसिंगपूरच्या गाडीला अजून अर्धा तास होता. हे स्टँडवर जाऊन जागा धरतो म्हणाले. आम्ही दोघी कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. लेकीनं भडंगाचा पुडा घेतला, फाईल काखेत मारली आणि चालता चालताच पुडा फोडला. तिखट भडंग होता. तिच्या नाकाला पाणी सुटलं, तरी ती थांबली नाही. मूठभर माझ्याही हातावर ठेवला.